अण्णांचं अर्थिंग

जुनी फियाट बाळगणारा माणूस सोलापुरात लांबूनच ओळखू येतो. गाडीचं दार सताड उघडं, दोन पाय रस्त्यावर, डोकं डॅशबोर्डखाली, आणि आतून आवाज : "आता बघ बे, लागला का?" बाहेर गल्लीतलं एखादं पोरगं बल्बकडे डोळे लावून उभं असतं. ते इमानदारीत "नाही" म्हणतं. मग आतून तेलुगूत काहीतरी ऐकू येतं. आमच्या गल्लीतले हे पाय अण्णांचे. अण्णा रागावले की तेलुगू बोलतात, समजावताना मराठी आणि मिस्त्रीशी घासाघीस करताना कन्नड. गाडीच्या वायरिंगपायी तिन्ही भाषा अगदी वापरात आहेत.

अण्णा यंत्रमागावर जॉबर होते. टॉवेलच्या मागाचा खडखडाट जरा बदलला की दुसऱ्या टोकाला बसून कुठल्या मागाचं काय बिनसलंय ते सांगायचे. मालकांनी मारुती घेतली तेव्हा त्यांची 1985 ची फियाट, म्हणजे प्रीमिअर पद्मिनी, थकलेल्या बोनसऐवजी अण्णांच्या दारात आली. मालक सुटले. अण्णांना मात्र पहिल्यांदाच असं यंत्र भेटलं, की जे बिघडताना आवाजच करत नाही.

पद्मिनीच्या दिव्यांची दांडी स्टिअरिंगखाली असते. ती आतून झिजली, की डिपर मारताना दिवेच जातात. अशा वेळी मिस्त्री लोक 'डायरेक्ट' करून देतात. म्हणजे बिघडलेला स्विच तसाच ठेवायचा, त्याला बगल देऊन वायर ओढायची आणि मिळेल तो स्विच मिळेल तिथं बसवायचा. अण्णांच्या डॅशबोर्डवर आज हेडलाइटला मिक्सरचा पांढरा स्विच आहे, वायपरला दारावरच्या बेलचं बटण आहे (पाऊस असेपर्यंत दाबून धरायचं, हे काम काकूंचं), आणि हॉर्नला बंद पडलेल्या मागाच्या स्टार्टरचं हिरवं बटण. लाल बटणही शेजारी आहे. ते कशाला जोडलंय हे अण्णांनाही आठवत नाही, पण ते दाबायचं नाही, हा घरातला नियम आहे. कंपनीचा म्हणून किल्लीचा एक स्विच तेवढा उरलाय, आणि त्याच्यावरही अण्णांचा डोळा आहे.

एवढे स्विच बदलूनही अण्णांचं ठाम मत असं, की स्विच कधी खराब होतच नसतो. "अर्थिंग मिळंना झालंय ओ!" गाडीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत एकच वायर जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. जिथं होल्डरचा स्क्रू पत्र्याला टेकतो तिथं गंज चढला, की करंटला घरी जायला रस्ता राहत नाही. मग तो शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा घुसतो. म्हणून डावा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवा लुकलुकतो आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो. लोकांना वाटतं गाडीला भूतबाधा झालीय. अण्णा स्क्रू काढतात, खालचा पत्रा पॉलिश पेपरनं पांढरा होईपर्यंत घासतात, स्क्रू आवळून वर व्हॅसलीन लावतात, आणि भूत जातं. दुर्दैवानं हा उपाय लागू पडतो. त्यामुळे नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, पुतण्याचं लग्न जमत नाही, या सगळ्याचं निदानही अण्णा त्याच खात्यात टाकतात.

पुतण्या इंजिनिअर. हिंजवडीत असतो. गड्ड्याच्या यात्रेला आला तेव्हा सोबत नवा मल्टिमीटर घेऊन आला. डावा हेडलाइट लागत नव्हता. त्यानं होल्डर काढून मीटरच्या सुया लावल्या : साडेबारा व्होल्ट. "काका, सप्लाय फुल आहे. बल्ब गेलाय." नवा बल्ब आणला. तोही लागेना. मीटर परत साडेबाराच दाखवी. पुतण्या मीटरची बॅटरी तपासायला लागला.

अण्णांनी खिशातून त्यांचा टेस्ट लॅम्प काढला. इंडिकेटरचा एकवीस वॅटचा जुना बल्ब, दोन वायरी, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला दाभण. चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दाभण होल्डरमध्ये. बल्बची तार नुसती तांबूस झाली. उजेड नाहीच. वायरवरून बोटं फिरवत अण्णा गेले, ग्रिलच्या मागं एका जागी थांबले आणि इन्सुलेशन टेप सोलला. आत वायरीचा एकच धागा उरला होता, तोही गंजून तुटायला आलेला. बाकीचे उंदरानं संपवले होते.

"तुझा मीटर करंट पितच नाही, म्हणून त्याला एक धागाबी पुरतोय," अण्णा म्हणाले. "बल्ब ओढतोय. ओढल्याशिवाय माणसाचं आणि वायरीचं कळत नसतंय." पुतण्यानं अर्थिंगचं काय झालं असं विचारलं. अण्णांना ते ऐकू गेलं नाही.

हेडलाइट दहा मिनिटांत मंदावतात, या दुखण्यावर मिस्त्रीनं रिले सुचवला. दोन दिवे मिळून नव्वद वॅट, म्हणजे साडेसात अँपिअर त्या मिक्सरच्या स्विचमधून जातात; स्विच तापतो, आतले पॉइंट जळतात. रिले लावला तर स्विचनं नुसता हुकूम द्यायचा, भार रिले वाहतो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मुनीमच की ओ! मालकानं सगळं मुनीमावर टाकल्यावर कारखान्याचं काय होतंय, बघितलंय मी."

परवा तुळजापूरला जाताना सात रस्त्यावर ट्रॅफिक हवालदारानं गाडी अडवली. ब्रेक लाइट बंद.

"बंद नाही ओ, मागं उभं राहून बघा," म्हणत अण्णांनी ब्रेक दाबला. हवालदार मागं गेला.

"लागला का?"

"नाही."

"आता?"

"थोडा लागलाय."

"डाव्या बाजूला हळूच बुक्की मारा."

हवालदारानं बुक्की मारली. दिवा लख्ख लागला. पुढच्या पाच मिनिटांत पावतीपुस्तक काकूंच्या मांडीवर होतं, टेस्ट लॅम्पचा चिमटा हवालदाराच्या हातात होता आणि अण्णांचे पाय रस्त्यावर. मागं एसटी हॉर्न देत होती, तिला हवालदारच हात करून थांबवत होता. स्क्रू घासून झाल्यावर त्यानं हात पुसले, जरा इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अण्णा, आमच्या बुलेटचं हँडल उजवीकडं वळवलं की हॉर्न आपोआप वाजूलालाय."

"मानेपाशी वायर घासली असंल. आणा की उद्या सकाळी."

पावतीपुस्तक परत देताना काकूंनी हवालदाराला तेवढंच विचारलं, चहात साखर किती चालते.