धागा तुटला की

मामेभावाच्या मुलीचं लग्न कोल्हापुरात, मुहूर्त सकाळी नऊ सतराचा, आणि आम्ही पुण्यात. म्हणून रात्री अडीचला निघायचं ठरलं. सात माणसं, अकरा बॅगा आणि रुखवतासाठी काकूंनी आइस्क्रीमच्या काड्यांचा केलेला दुमजली बंगला. बंगला बॅगेत जाईना आणि डिकीत ठेवायला काकू तयार होईनात. शेवटी तो त्यांच्या मांडीवर बसला. या सगळ्यांना पोटात घ्यायला भाड्याची पांढरी इनोव्हा आली होती.

महाराष्ट्रात दारात पांढरी इनोव्हा उभी राहिली की गल्लीला तीनच शक्यता दिसतात : लग्न, शिर्डी किंवा इलेक्शन. समोरच्या घरातला दिवा लागलाच. आम्ही कुठल्या पक्षात गेलो, हे बघायला.

"साडेचार लाख किलोमीटर झालेत," गाडीवाल्याने स्टिअरिंगवर हात फिरवत सांगितलं. "पण थांबणं म्हणून माहीत नाही हिला." एखादा आजोबा नातीच्या मार्कांबद्दल बोलतो तसा त्याचा आवाज होता.

मागच्या सीटवरून आमचे काका म्हणाले, "ज्यांनी केली त्यांचा धंदाच मुळात थांबण्याचा."

काका इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की हाक जायची ती काकांना. टोयोटा ही त्यांच्या लेखी मोटारीची कंपनी नाहीच. मागवाल्यांची पोरं पुढे गाड्या करायला लागली, एवढंच. आणि त्यांचं म्हणणं खरं आहे.

साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा, जन्म 1867 चा. त्याच्या मुलखात बायका घरोघरी हातमागावर बसत आणि त्याची आईही विणत असे. पोरगा बापाचा रंधा धरायचा सोडून त्या मागाकडेच बघत बसला. 1890 मध्ये टोकियोत यंत्रांचं प्रदर्शन भरलं तेव्हा हा रोज जाऊन यंत्रं न्याहाळत उभा राही. आमच्याकडे असा मुलगा 'वाया गेलेला' या सदरात पडतो. जपानातही पडला असावा. पुढच्याच वर्षी त्याला लाकडी हातमागाचं पेटंट मिळालं, तेव्हा सदर बदललं.

यंत्रमागाचं एक दुखणं काकांकडून मी लहानपणापासून ऐकत आलोय. धागा तुटतो, पण मागाला ते कळत नाही. धोटा आपला खाडखाड इकडून तिकडे पळतच राहतो आणि वाराच्या वार खराब कापड विणून ठेवतो. म्हणून मागापाशी माणूस उभा करायचा. त्याचं काम काय, तर तुटतोय का ते बघत राहायचं. साकिचीने अशी युक्ती बसवली की धागा तुटला की माग आपणहून थांबेल. 1924 साली त्याचा आणि मुलाचा 'जी' जातीचा स्वयंचलित माग तयार झाला. चालता चालता तो धोटाही बदलून घ्यायचा. एकच कामगार कितीतरी मागांवर नजर ठेवू लागला. 1929 मध्ये लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाच्या हक्कांसाठी एक लाख पौंड मोजायचं कबूल केलं. जगाला माग विकणाऱ्या मुलखाने जपानी सुताराच्या पोराकडून माग घ्यावा, यातली मजा काका आजही चवीने सांगतात.

या थांबण्याला टोयोटाच्या घरात 'जिदोका' म्हणतात. जपानीत 'आपोआप चालणं' असा साधा शब्द आहेच, पण या लोकांनी तो लिहिताना हालचालीच्या चिन्हाशेजारी 'माणूस' हे छोटं चिन्ह जोडलं. उच्चार तोच, अर्थ मात्र सरकला : यंत्र नुसतं चालायचं नाही, माणसासारखी जाण ठेवून चालायचं. एवढ्याशा रेघोट्यांत केवढं तत्त्वज्ञान मावतं! आमच्याकडे शुद्धलेखनाचे नियम बदलले तरी फक्त भांडणं होतात.

मुलगा कीइचिरो इंजिनिअर झाला. 1930 मध्ये वडील गेले आणि 1933 मध्ये त्याने मागाच्या कारखान्यातच मोटारींचा विभाग उघडला. दोन वर्षांनी पहिले ट्रक बाहेर पडले आणि रस्त्यात बंद पडू लागले. बापाचा माग धागा तुटला की थांबायचा, लेकाचा ट्रक कशानेही थांबायचा. कंपनीची माणसं गिऱ्हाइकांकडे धावून दुरुस्त्या करत आणि कुठला भाग मोडला त्याची नोंद करून परत येत. या मोडण्याच्या वहीवरच पुढचा सगळा लौकिक उभा राहिला. आम्ही अशी वही ठेवत नाही. आम्ही दुकानदाराला फोनवर झापतो आणि मन हलकं करतो.

नावाचीही गंमत झाली. आडनाव टोयोडा, अर्थ 'सुपीक भातशेत'. शेताच्या नावाची मोटार विकायला हरकत नव्हती, पण जपानी लिपीत 'टोयोडा' लिहायला दहा फटकारे लागतात आणि 'टोयोटा'ला आठ. आठ हा तिकडे शुभ आकडा. 'ड'चा 'ट' झाला आणि 1937 साली कंपनी त्या नावाने उभी राहिली. सिरियलच्या नट्या नावात एक जादा 'ए' घालतात तेव्हा हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पुढे 1959 मध्ये कोरोमो या शहरानेच आपलं नाव बदलून टोयोटा केलं. गावावरून आडनाव पडलेलं आपण जाणतो. इथे आडनावावरून कंपनी पडली आणि कंपनीवरून गाव.

1950 साली मात्र सगळंच थांबायला आलं होतं. पैसे संपले, कामगार काढावे लागले, संप झाला. जबाबदारी घेऊन कीइचिरो पायउतार झाला. लगेच कोरियाचं युद्ध पेटलं आणि अमेरिकी सैन्याने ट्रकांच्या ऑर्डरी दिल्या. कंपनी तरली, पण कीइचिरो 1952 मध्ये गेला. पुढचं वैभव त्याने पाहिलं नाही. 1957 मध्ये टोयोटाची क्राउन अमेरिकेत उतरली तेव्हा तिकडच्या लांबरुंद हमरस्त्यांवर तिला धाप लागली. काही वर्षांत ती माघारी बोलवावी लागली.

एव्हाना आम्ही खंबाटकीचा घाट चढत होतो आणि काकू बंगल्याच्या गच्चीवर हात धरून बसल्या होत्या.

याच काळात कारखान्यात ताइची ओनो नावाचे गृहस्थ मागाचं शहाणपण मोटारीला शिकवत होते. कामाच्या रांगेत चूक दिसली की कुठल्याही कामगाराने दोरी ओढायची. चूक तिथेच निस्तरली नाही तर रांगच थांबते. आपल्या रेल्वेत डोक्यावर साखळी असते आणि तिच्याखाली दंडाची धमकी. त्यामुळे चहावाल्याकडून सुटे पैसे राहिले तरी सज्जन माणूस साखळीला हात लावत नाही. ओनोंकडे उलटं होतं. दोरी ओढल्याबद्दल दंड नव्हता. चूक दिसूनही ती न ओढणारा तेवढा गुन्हेगार.

ओनो म्हणत, काहीही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारा. यंत्र का थांबलं? फ्यूज उडाला. का उडाला? भार जास्त झाला. का झाला? बेअरिंगला वंगण पुरलं नाही. का पुरलं नाही? पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता, कारण गाळणी नव्हती आणि आत धातूचा चुरा जात होता. म्हणजे फ्यूज बदलून भागायचं नाही, गाळणी बसवा. हा प्रयोग मी घरी करून पाहिला. दूध का उतू गेलं? गॅसपाशी कोणी नव्हतं. का नव्हतं? या दुसऱ्याच 'का'ला उत्तर आलं : "तुमच्या घरची सवयच आहे ती." पुढचे तीन 'का' विचारायचं धैर्य माझ्यात नव्हतं. अमकं तमकं घराणं हे ज्या चौकशीचं उत्तर असतं, तिथे गाळणी कधीच बसत नाही.

वाया जाणाऱ्या वेळाला, मालाला, हेलपाट्यांना तिकडे 'मुदा' म्हणतात आणि तो शोधून काढून टाकतात. आमच्याकडे त्याला मुद्दा म्हणतात आणि तो सभेत मांडतात.

ओनोंच्या एका मताशी मात्र माझ्या आजीचं पटलं नसतं. अमेरिकेतल्या सुपरमार्केटची पद्धत त्यांच्या मनात भरली होती : गिऱ्हाइकाने उचललं तेवढंच फळीवर पुन्हा ठेवायचं. तसंच कारखान्यात, हवा तो भाग, हवा तेव्हा, हवा तेवढाच. जादा साठा म्हणजे मुदा. आजीचा सारा जन्म सालबेगमीत गेला. उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे, वर्षाचं तिखट, धान्याच्या कोठ्यांत कडुलिंबाचा पाला. ओनो आमच्या माळ्यावर चढले असते तर चक्कर येऊन पडले असते. पण 2011 मध्ये जपानात भूकंप आणि त्सुनामी आली, पुरवठा तुटला, आणि टोयोटाने धडा घेतला : काही सुटे भाग, विशेषतः चिपा, दोन ते सहा महिने पुरतील इतक्या पुरवठादारांनी साठवून ठेवाव्यात. दहा वर्षांनी जगभर चिपांचा दुष्काळ पडला. इतर कंपन्यांच्या रांगा थांबल्या, तेव्हा सुरुवातीचे कितीतरी महिने टोयोटाच्या चालू होत्या. आजीने हे ऐकलं असतं तर फक्त "मग?" म्हणाली असती.

गाडी न थांबण्याच्या दंतकथा तर जगभर आहेत. 1987 मध्ये चाडच्या सैनिकांनी वाळवंटात टोयोटाच्या उघड्या गाड्या पळवून लिबियाच्या रणगाड्यांना धूळ चारली, म्हणून त्या लढाईला टोयोटा युद्ध असंच नाव पडलं. बीबीसीच्या 'टॉप गिअर'वाल्यांनी 2003 मध्ये एक जुनी हायलक्स समुद्रात बुडवली, पेटवली, पाडायच्या इमारतीच्या माथ्यावर ठेवून ती इमारत पाडली. तरी ती सुरू झाली. आपल्याकडे एवढा छळ फक्त एसटी सोसते, आणि तिच्यावर कोणी कार्यक्रम करत नाही.

पण लौकिक हा मोठा वाईट. तो वाढला की दोरी ओढायला हात कचरतो. 1989 मध्ये लेक्ससमध्ये किरकोळ दोष निघाले तेव्हा कंपनीने आठेक हजार गाड्या परत बोलावल्या, दुरुस्त केल्या, धुऊनपुसून दारात आणून दिल्या. वीस वर्षांनी जगात पहिला नंबर हाती आला होता. पायाखालच्या मॅटमध्ये अडकणारे आणि दाबल्यावर वर न येणारे ॲक्सिलरेटर यांच्या तक्रारी आल्या, माणसं दगावली, तरी माग चालूच राहिला. अखेर 2009-10 मध्ये लाखो गाड्या परत घ्याव्या लागल्या. साकिचीचा पणतू अकिओ टोयोडा अमेरिकी काँग्रेससमोर उभा राहिला, माफी मागितली, आणि आमची वाढ फार वेगाने झाली असावी असं कबूल केलं. माहिती दडवल्याबद्दल 2014 मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारला 120 कोटी डॉलर भरले. धागा तुटलेला दिसत होता, पण कापडाचा खप चांगला होता. काका याला जॉबरच्या भाषेत एक शब्द वापरतात, तो इथे लिहिता येणार नाही.

"पण इथं आणली ती आपल्याच माणसानं," अंधारातून काकू म्हणाल्या. हेही खरं. लक्ष्मणराव किर्लोस्कर साकिचीपेक्षा दोन वर्षांनी लहान. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सुटली. बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, असं म्हणत शेतकरी त्याला शिवेनात. तरी नांगर चालला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. नांगरवाल्यांचे वंशज आणि मागवाल्यांचे वंशज आधी कापडाच्या यंत्रांसाठी एकत्र आले, मग 1997 मध्ये बंगळुरूजवळ बिडदीत मोटारींसाठी. 2000 साली क्वालिस आली. पाच वर्षांनी ती जोरात खपत असताना त्यांनी ती बंद केली आणि इनोव्हा आणली. चालत्या दुकानाचं शटर ओढणारा माणूस बघून तेव्हा लोक हळहळले होते. मला आता वाटतं, तिथेही कोणीतरी दोरीच ओढली असेल.

साताऱ्याच्या पुढे साडेपाचच्या सुमारास गाडी हळू झाली आणि एका चहाच्या टपरीपाशी उभी राहिली. सगळे एकदम जागे झाले.

"काय झालं? बंद पडली?"

"हिला काय होतंय," गाडीवाला दार उघडत म्हणाला. "मला डुलकी आली. वीस मिनिटं पडतो."

मुहूर्ताची आठवण करून देणारे चार आवाज उठले. मामींनी घड्याळ दाखवलं. तो ऐकून न ऐकल्यासारखं करून टपरीच्या बाकावर आडवा झाला, तोंडावर रुमाल टाकला आणि घोरायलाही लागला. साडेचार लाख किलोमीटर न थांबलेली गाडी आणि तिच्याशेजारी थांबलेला माणूस. त्या जपानी चिन्हात डाव्या अंगाला जोडलेला तो हाच असावा.

"जाण आहे पोराला," काका चहा फुंकत म्हणाले. जॉबर माणसाकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

तो बरोबर वीस मिनिटांनी उठला, तोंडावर पाणी मारलं, चहा घेतला. कार्यालयाच्या दारात आम्ही उतरलो तेव्हा नऊला दहा कमी होत्या. काकूंचा बंगला शाबूत होता, आणि नवरदेवाची गाडी अजून यायची होती.