भीतीची घरपोच सोय

भीतीचा प्रश्न अमेरिकेने कायमचा निकालात काढला आहे, याबद्दल तिचं जाहीर अभिनंदन. आपल्याकडच्या भुताला पिंपळ, पडकी विहीर, अमावास्या असं सगळं साग्रसंगीत लागतं, शिवाय ते भेटणार स्वतःच्या मर्जीने. इथलं भूत हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, दिवेलागणीला बेल वाजवून येतं, चॉकलेट घेतं, थँक्यू म्हणतं आणि आईचं बोट धरून घरी जातं. ही शिस्त पाहिली तर आपला मुंजा शरमेने पिंपळ सोडेल.

तयारीही चोख. अंगणात उभा करायला १२ फुटी सांगाडा विकत मिळतो. २०२० साली तो बाजारात आला तेव्हा किंमत होती २९९ डॉलर. भोपळ्याला डोळे-नाक कोरून आत दिवा लावतात, गर बहुधा कचऱ्यात. त्यात किती घारगे झाले असते, हा हिशेब परदेशी विद्यार्थ्याने मनातच ठेवावा.

याच विद्यार्थ्याला मात्र भुताच्या पोशाखाचा खर्च का? भीती त्याच्याकडे बारमाही आणि फुकट आहे. त्याने रोजच्याच कपड्यांत, हातात आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेजने दिलेला कागद, धरून हिंडावं. तोंडी दोन आकडे पुरेत : पदवीनंतर ओपीटी या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर ९० दिवसांहून जास्त बेकारी चालत नाही, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत वर्षाला जागा ८५,०००.

शेजारच्या ड्रॅक्युलाला हे ऐकवलं. सुळे काढून तो कुजबुजला, "हळू बोल, इथे लहान मुलं आहेत!"

१ नोव्हेंबरला उरलेली चॉकलेटं निम्म्या किमतीत मिळतात. विद्यार्थ्यांनी सण त्याच दिवशी साजरा करावा.