उगवलेल्या केसांचे मानकरी

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले पन्नास ते शंभर रोज गळतात. ज्यांच्या डोक्यात कंगवा अडकून मोडतो, त्यांचेसुद्धा गळतात. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत आवरासावर करतो, निवृत्तीपूर्व रजेवर गेलेल्या सरकारी नोकरासारखा तीनेक महिने नुसता जागेवर बसून राहतो आणि एके दिवशी उशीवर सापडतो. त्याच्या जागी दुसरा रुजू होतो. पण मोरीच्या जाळीतून काढलेला गुंता उजेडाकडे धरून उभ्या असलेल्या माणसाला हा हिशेब सांगून बघा. तो गुंता तुमच्या नाकासमोर धरतो आणि विचारतो, "हे शंभर आहेत?"

केस गळायचे प्रकार बरेच आहेत, पण आपल्याकडे आधी उपाय निघतो, प्रकाराची चौकशी मागाहून, झालीच तर. नुसतं "केस गळतायत हो" म्हणायचा अवकाश, कांद्याचा रस, कोरफड, बोअरचं पाणी बंद कर, हेल्मेट घालू नकोस, रात्री जागू नकोस, अशा सूचनांचा पाऊस पडतो. सगळीकडून विरळ होतायत की एकाच जागी चट्टा पडलाय, भांग रुंदावतोय की कपाळ मागे सरकतंय, हे कुणी विचारत नाही.

आमच्या घरात उपायांचं खातं आत्याकडे आहे. तिचं तेल ती वर्षातून दोनदा काढते. लोखंडी कढईत खोबरेल, त्यात माक्याचा रस, जास्वंदीची फुलं, कढीपत्ता, मेथीदाणे आणि वडाच्या पारंब्यांची कोवळी टोकं. मंद आचेवर ते तासन् तास कढतं. तडतड थांबली की रस आटला असं समजायचं. मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलेलं ते काळपट हिरवं तेल औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं जातं आणि ज्याच्या त्याच्या डोक्याप्रमाणे वाटलं जातं. घराला पुढे चार दिवस त्याचा वास येतो, आणि आम्हाला आठ दिवस.

आता या तेलाचं यश बघा. वहिनीला मुलगी झाली आणि तीन महिन्यांनी तिचे केस मुठीमुठीने जायला लागले. "बाळ आईला ओळखायला लागलं की केस जातातच," आत्या म्हणाली आणि बाटली पुढे केली. बाळाचा यात काही हात नाही, पण आत्याचं कॅलेंडर बिनचूक आहे. गरोदरपणात एरवी गळून गेले असते ते केससुद्धा टिकून राहतात. बाळंतपणानंतर ते सगळे एकदम रजेवर जातात आणि रजा संपली की एकदम गळतात, नेमके बाळ चेहरे ओळखायला लागतं त्या सुमाराला. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून उतरवलेलं वजन, या सगळ्यांनंतर दोन-तीन महिन्यांनी हेच होतं. कोविडनंतर तर घरोघर झालं. लोह किंवा थायरॉइड कमी नाही ना, हे रक्त तपासून बघायचं, पोटभर खायचं आणि धीर धरायचा, एवढाच यावरचा इलाज. मूळ शाबूत असतं, त्यामुळे बहुतेकांचे केस सहा-आठ महिन्यांत आपोआप परत येतात. वहिनीचेही आले. श्रेय कढईला गेलं.

भाच्याला चाई पडली तेव्हाही तेच. डोक्यात मागे रुपयाएवढा गुळगुळीत गोल चट्टा. रात्री कुठलासा किडा केस खातो, अशी आत्याची उपपत्ती. खरं म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच वाट चुकून केसांच्या मुळांवर चाल करून जातात. त्वचारोगतज्ज्ञ त्या चट्ट्यात बारीक सुईने स्टेरॉइड देतात. चाई डोकंभर पसरली तर आता गोळ्याही आहेत. त्यांतल्या बॅरिसिटिनिबला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण एखाद-दुसरा लहान चट्टा वर्षभरात आपणहून भरून येण्याची शक्यता चांगली असते. भाच्याने सुईला घाबरून तेल पसंत केलं आणि चट्टा भरला. आत्याच्या नावावर दुसरा विजय.

माझी शंका अशी आहे की केसांच्या तेलांचा आपल्याकडचा सगळा व्यापार या दोन गळत्यांवर उभा आहे. जे केस तसेही परतणार होते, ते बाटली हातात असताना परततात.

कधी कधी मात्र प्रकार नीट विचारला नाही तर घात होतो. गजकर्ण डोक्यात शिरलं, तर लहान मुलांचे केस खवले धरून तुटतात. त्याला पोटातूनच औषध लागतं, तेलाने ते हलत नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत जे झालं, त्यावर तर चेष्टा सुचत नाही. आधी डोकं खाजायचं आणि तीन-चार दिवसांत केस नुसत्या हाताने निघून यायचे, बायकांचे आणि मुलांचेसुद्धा. शाम्पूवर संशय, पाण्यावर संशय, आयसीएमआरचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं. विंचवाच्या विषावर आयुष्य घालवलेल्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी तिथला रेशनचा गहू तपासून घेतला आणि त्यात सेलेनियम फार असल्याकडे बोट दाखवलं. डोक्याचं दुखणं आणि तपासायचं पीठ. हे कुठल्याही आत्याला सुचलं नसतं.

उरली ती माझी गळती. हिच्यात कुणालाच श्रेय मिळत नाही, कारण काही परत येत नाही. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये दाखवून दिलं की वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पण त्यांना पुरुषी संप्रेरक दिलं आणि घराण्यात टक्कल असलं, की पडतं. आजोबा आणि संप्रेरक यांची युती झाली की डोक्यावरची मुळं लहान लहान होत जातात आणि शेवटी केसाऐवजी लव उगवते. हॅमिल्टनने १९५१ मध्ये टकलाच्या पायऱ्या ठरवल्या, नॉरवुड यांनी १९७५ मध्ये त्या सुधारून सात केल्या. मी सहावीत आहे.

गंमत अशी की यावरची दोन्ही औषधं दुसरंच काही शोधताना हाती लागली. मिनॉक्सिडिल ही रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस यायला लागले, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, आणि १९८८ मध्ये ती डोक्याला लावायचं औषध म्हणून अमेरिकेत बाजारात आली. फिनॅस्टेराइड हे प्रोस्टेटचं औषध. १९९७ पासून एक मिलिग्रॅममध्ये टकलासाठी. थोड्या पुरुषांना त्याने कामेच्छा कमी झाल्याची तक्रार होते, त्यामुळे केस की संसार असा प्रश्न काही घरांत पडतो. दोन्ही औषधं आहेत ते राखण्यात हुशार. आणि सोडली, की काही महिन्यांत राखलेलं सगळं व्याजासकट जातं.

माझ्या एका मित्राने थेट रोपण करून घेतलं. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस पुरुषी संप्रेरकाला दाद देत नाहीत आणि पुढे नेऊन लावले तरी आपला स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी पन्नासच्या दशकात सिद्ध केलं. सगळा धंदा त्यावर चाललाय. मित्राला तिसऱ्या आठवड्यात घाम फुटला, कारण लावलेले केस गळायला लागले. ते तसे गळतातच, मूळ आत रुजलेलं असतं, चौथ्या महिन्यापासून नवे फुटतात. पण हे त्याला डॉक्टरांनी सांगेपर्यंत आत्याची बाटली त्याच्या घरी पोचली होती. आता त्याच्या कपाळावर दाट झुलपं आहेत. लाखाच्या वर बिल दवाखान्याचं आणि कौतुक कढईचं.

मी एकदा डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी डोक्यावर दिवा धरून भिंगातून पाहिलं, मला वाटतं शिष्टाचार म्हणून. मग म्हणाले, "औषध आता कशावर लावणार? टाळू उन्हात जळतेय तेवढी सांभाळा," आणि सनस्क्रीन लिहून दिलं. चेहऱ्याला लावायचं असतं ते. माझा चेहरा मानेपर्यंत जात असल्यामुळे ट्यूब बारा दिवसांत संपते. भर्तृहरीच्या श्लोकातला तो खल्वाट, म्हणजे टकला, उन्हाने डोकं तापलं म्हणून सावलीला गेला आणि वरून मोठं फळ पडून त्याचं डोकं फुटलं. नशिबापुढे इलाज नाही, असं त्यावरून शिकवतात. मला वाटतं, त्याला एक ट्यूब मिळाली असती, तर तो झाडाखाली गेलाच नसता.