जामसांवलीत जपानी चेंडू : नवशिक्यांसाठी सोपी (म्हणे) कृती

तेमारी म्हणजे जपानी बायकांनी जुन्या किमोनोच्या चिंध्या गुंडाळून, वरून रंगीत दोऱ्याने नक्षी घातलेला चेंडू. चिंध्यांचा चेंडू आपल्याकडेही होता. नक्षी तेवढी राहून गेली. ती आता उरकून घेऊ.

मुहूर्त : मंगळवार, शनिवार आणि हनुमान जयंती टाळा. जामसांवलीतल्या पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनाला आलेले पाहुणे आधी तुमच्याकडे चहाला थांबतात. पोळ्याचा दुसरा दिवस उत्तम. सगळे गोटमार जत्रेतली दगडफेक पाहायला पांढुर्ण्याला गेलेले असतात.

साहित्य : जपानात आत भाताचे तूसही भरतात. त्यासाठी धानाचे गोंदिया गाठू नका. जोडी हरवलेला मोजा आणि चिंध्या पुरतात. आपला मुलूख कपाशीचा, तेव्हा कापूसही चालेल. मात्र गादीतला काढायचा तर घरात कोणी नसताना. शिवाय लोकर, शिलाईच्या दोऱ्याचा रीळ, भरतकामाचा जाड दोरा, जरीचा दोरा, लांब सुई, टाचण्या, कागदाची पट्टी.

कृती :

1. चिंध्यांचा संत्र्याएवढा गोळा करा. खुळखुळा हवा असेल तर छोट्या डबीत घुंगरू घालून ती आत्ताच मधोमध ठेवा. नंतर आठवून उपयोग नाही.

2. वरून लोकर, मग शिलाईचा दोरा गुंडाळा. प्रत्येक फेऱ्याला चेंडू फिरवा. दोरा एकाच दिशेने गेला की चेंडूचा बटाटा होतो. खालची लोकर दिसेनाशी होईपर्यंत थांबू नका. मधेच शेजारीण विचारेल, "काय करून राहिली वो?" उत्तर देऊ नका, फेरा चुकतो.

3. पट्टी चेंडूभोवती पुरी फिरवून कापा. तिचे टोक म्हणजे उत्तर ध्रुव, अर्धी घडी म्हणजे दक्षिण ध्रुव, पाव घडी म्हणजे विषुववृत्त. तिथे टाचण्या टोचा. शाळेतला भूगोल शेवटी कामी आला.

4. विषुववृत्ताचे आठ सारखे भाग करा. सातच झाले तर टाचण्या उपटा आणि देवाचे नाव घ्या. देव जवळच आहे.

5. टाचण्यांवरून जरीचा दोरा ताणून आठ रेषा आखा. दोऱ्याला गाठ मारायची नाही. टोक आत दडवायचे.

6. आता भरतकामाच्या दोऱ्याने रेषेरेषेवर, एकदा ध्रुवाजवळ, एकदा विषुववृत्ताजवळ, बारीक टाका घेत नागमोडी फिरा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीला लागून घाला. हळूहळू शेवंती उमलते. नाही उमलली तर ते कमळ आहे असे सांगा.

जपणूक : रबरी चेंडू आले तेव्हा तेमारी खेळातून उठून शोभेच्या कपाटात जाऊन बसली; मात्सुमोतो शहरात तर गटाराच्या झाकणांवरही तिचे चित्र आहे. आपला चिंध्यांचा चेंडू मात्र कौलांवर अडकला, तो अडकलाच. कारण तो कोणी सजवला नव्हता. म्हणून चेंडू दोन करा. एक कपाटात ठेवा, आणि जो कमी गोल झाला असेल तो अंगणातल्या पोरांना द्या. त्यांना नक्षीपेक्षा उसळी महत्त्वाची, आणि ती या चेंडूत फारशी नसते, हे आधीच सांगून टाका.