घोड्याची शिकवणी

वोल्फ्सबुर्ग, जर्मनी

ती. आप्पा आणि आई,

परवा आप्पांनी "घोड्यावर बसायला कुणी फी भरतं का रे?" एवढं विचारलं आणि फोन आईकडे दिला, म्हणून उत्तर राहून गेलं. भरतात, आप्पा. अर्ध्या तासाला पंचवीस युरो. रुपयांत करून सांगत नाही, तुम्हाला झोप लागणार नाही.

बैलगाड्याच्या घाटात बैलांपुढं घोडी पळवायला तुम्ही कुठल्या क्लासला गेला होतात, हे मलाही कळतं. पण इथं सगळं गाव मोटारींच्या कारखान्यावर जगतं आणि राज्याच्या झेंड्यावर मात्र पांढरा घोडा! चिऊच्या मैत्रिणी तबेल्यात जातात, मग ही घरी कशी बसेल? चाकणहून निघताना हा खर्च आम्ही धरलाच नव्हता.

बरं, अर्ध्या तासाच्या स्वारीला तासभर आधी बोलावतात. आधी खरारा. मग खूर उचलून आकड्यानं त्यातली माती-खडे काढायचे. अगदी पाठीमागचं घोड्याला दिसत नाही, म्हणून त्याच्या खांद्याकडून, बोलत बोलत जवळ जायचं. एवढं झाल्यावर बाई लांब दोर धरून मधोमध उभ्या राहतात आणि घोडं त्यांच्याभोवती फिरतं. लगाम इतक्यात हातात देत नाहीत. आधी तोल सांभाळायचा. दुडकी चाल सुरू झाली की पोरगी खोगिरावर अशी आदळते की माकडहाड माझं दुखतं. शेवटी लीद. हो आई, फी भरून लीद! स्वतःचं ताट उचलायला जिच्या मागं लागावं लागतं, ती फावड्यानं ढकलगाडी भरते आणि वर मलाच म्हणते, "बाबा, मधे येऊ नकोस."

स्मिताचं म्हणणं, त्यापेक्षा पोहणं बरं, पडली तरी पाण्यातच पडेल. तिची भीती खोटी नाही. हेल्मेट असलं तरी घोडं ते घोडंच. मला मात्र सौदा महाग वाटला तरी फसवा वाटत नाही. आमच्यापुढं भोकाड पसरलं की आईस्क्रीम मिळतं. पाचशे किलोच्या जनावरापुढं पसरलं तर ते कान मागं पाडतं आणि जागचं हलत नाही. आम्हा दोघांना जे जमलं नाही ते त्यानं महिनाभरात करून दाखवलं.

खरी धास्ती निराळीच आहे. महाराजांच्या फौजेत बारगिराला घोडं सरकारातून मिळायचं, शिलेदार स्वतःचं घेऊन यायचा. आमची लेक बारगीर आहे तोवर निभेल. पण काल जेवताना तिनं विचारलं, "आजोबांच्या घरामागं एक पोनी मावेल ना?" रहाटणीत आता स्कूटर लावायला जागा मिळत नाही, असं मी सांगून पाहिलं. आप्पा, तिनं फोनवर विचारलं तर कृपा करून 'बघू' म्हणू नका. तुमचं 'बघू' म्हणजे काय, ते तिला आता पक्कं ठाऊक झालंय.

जुलैत येतोय. वारीच्या तारखा जुळल्या तर माउलींचं रिंगण तिला दाखवू. अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात, एकावर स्वार असतो आणि माउलींच्या अश्वावर कुणीच बसत नाही, एवढं तिला सांगितलं. त्यावर तिचा सवाल : मग त्याला खरारा कोण करतं, आणि लीद कोण काढतं? आम्ही यायच्या आत चौकशी करून ठेवा.

तुमचा,
बाळू