द्विवचनाचा पुनर्जन्म

संस्कृतात एकवचन, द्विवचन आणि बहुवचन अशी तीन वचने होती. प्राकृतांनी त्यांतले द्विवचन टाकून दिले आणि प्राकृताच्या वंशात जन्मलेल्या मराठीने ते पुन्हा कधी मागितले नाही, असे व्याकरणकार आजवर मानत आले. हे मत आता सोडून द्यावे लागेल. वाघोली, मोशी, पुनावळे या पुण्याच्या उपनगरांत रस्त्यालगत जे फ्लेक्स उभे आहेत, त्यांवर 'शेवटचे दोनच फ्लॅट शिल्लक' हे वाक्य पाडव्याला दिसते, आषाढीला दिसते, पितृपक्षात किंचित फिकटते आणि दसऱ्याला पुन्हा झेंडूच्या माळेसह उजळते. त्यातील 'दोन' ही संख्या नव्हे, कारण संख्या वजाबाकीने कमी होते. ते एक वचन आहे; व्याकरणातले, पाळण्याचे नव्हे.

दोनच का, याचा विचार शास्त्राला धरून करता येतो. 'शेवटचा एकच' असे लिहिले, तर तो फ्लॅट लिफ्टच्या यंत्रखोलीला चिकटलेला असणार किंवा त्याच्या खिडकीखाली कचऱ्याचे डबे असणार, हे चाणाक्ष गिऱ्हाईक न पाहताच ओळखते. 'तीन' म्हटले, की निवड करता येते, आणि निवड करायची म्हटली, की घरी जाऊन आईवडिलांना विचारावेसे वाटते. 'चार'पासून पुढे मंदी सुरू होते, आणि तो शब्द साइट ऑफिसात उच्चारत नाहीत. तेथे 'मार्केट सध्या स्टेबल आहे' असे म्हणतात, म्हणजे भाव उतरत नाहीत आणि गिऱ्हाईक चढत नाही. दोन ही मात्र आदर्श अवस्था होय: नवऱ्याला एक आवडावा, बायकोला दुसरा, आणि भांडण मिटेपर्यंत टोकन, म्हणजे फ्लॅट अडवून ठेवण्यासाठी द्यायची रक्कम, भरून मोकळे व्हावे.

या फ्लेक्सचे जवळून निरीक्षण केल्यास एक विलक्षण गोष्ट आढळते. अक्षरे उन्हाने विटून लालाची गुलाबी झालेली असतात, 'शिल्लक'मधील एक ल सुटून वाऱ्यावर फडफडत असतो, परंतु '२' हा आकडा तेवढा ताजा, कुंकवासारखा लाल असतो, कारण तो वेगळ्या स्टिकरवर छापून चिकटवलेला असतो. त्या स्टिकरचा कोपरा जिथे उलटला आहे, तिथे खाली जुना स्टिकर दिसतो, आणि त्यावरही '२'च असतो. याचा अर्थ असा, की कोणीतरी शिडी लावून, जीव धोक्यात घालून, दोन काढून त्या जागी दोन लावले. द्रौपदीच्या थाळीतले अन्न तिचे स्वतःचे जेवण होईपर्यंत तरी संपत नसे आणि ती जेवली की संपे. येथे कोणी कितीही जेवले तरी थाळी संपत नाही, आणि मुळात कोणी जेवायलाच आलेले नाही. शिवाय हे दोन फ्लॅट कोणत्या मजल्यावर आहेत, असे विचारले असता 'तुम्हाला कोणता हवाय?' असे उत्तर मिळते. पूर्वमुखी मागितले तर ते पूर्वेला वळतात, दोन बेडरूमचे मागितले तर त्यांना दोन बेडरूम होतात, आणि 'उद्या सांगतो' म्हटले, की त्यांतील एक त्याच क्षणी दुसऱ्या कुणीतरी बुक केलेला असतो. दुसऱ्या दिवशी फोन केला, की दोन असतात.

भाव उतरवावा आणि माल खपवावा, हा मंडईतील भाजीवाल्याला ठाऊक असलेला उपाय येथे चालत नाही, यालाही कारण आहे. शासनाचे बाजारमूल्य तक्ते, ज्यांना व्यवहारात रेडी रेकनर म्हणतात, त्यांतील मूल्य व्यवहाराच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक भरले, तर प्राप्तिकराचा कायदा तक्त्यातील मूल्यच किंमत धरतो आणि फरकापोटी विकणाऱ्यालाही गाठतो, घेणाऱ्यालाही. त्याहून मोठे भय असते मागच्या वर्षी पूर्ण भावाने घेतलेल्यांचे, कारण तेच पुढे सोसायटीत बैठका घेणार असतात. म्हणून भाव जागच्या जागी राहतो आणि त्याच्याभोवती मॉड्युलर किचन, दोन एसी व सोन्याचे एक नाणे असा रुखवत मांडला जातो. हा रोग जुना फ्लॅट विकणाऱ्या मालकालाही जडला आहे. 'विकायची घाई नाही' असे तो तिसऱ्या वर्षीही सांगतो, आणि त्याच्याकडेही 'दोन पार्ट्या लायनीत' असतात. या पार्ट्यांना आजवर कोणी पाहिलेले नाही, पण त्या दोनच असतात, आणि त्यांचे घर बहुधा हायवेपासून दोन मिनिटांवर असते.

इथवर हसता येते. परंतु रात्री दहा वाजता, जेवणे उरकून लोक टीव्हीसमोर बसलेले असताना, अशा एखाद्या तयार इमारतीसमोर उभे राहून उजेडाच्या खिडक्या मोजल्या, की हसू विरते. फ्लेक्सवर दोन फ्लॅट रिकामे असतात आणि डोळ्यांसमोर अख्खेच्या अख्खे मजले काळेठिक्कर असतात. काही गुंतवणूकदारांचे, काही न विकलेले. जी कुटुंबे राहायला आली आहेत ती लिफ्ट, सुरक्षारक्षक आणि मुख्य म्हणजे टँकर यांचा खर्च आपल्याच खिशातून भागवत असतात. नळाला पुरेसे पाणी येत नाही, टँकर मात्र पहाटे साडेपाचला रिव्हर्सचे गाणे वाजवत येतो, आणि ज्याने पाणी पुरवण्याचे हमीपत्र लिहून दिले, तो पुढच्या चौकात नवा फ्लेक्स लावण्यात गुंतलेला असतो. टंचाई असलीच तर ती पाण्याची आहे! तिचा फ्लेक्स कोणी लावत नाही. 'शेवटचे दोनच टँकर शिल्लक' असे कुठल्याही कमानीवर लिहिलेले नाही. जे मुबलक आहे त्याची टंचाई आणि ज्याची टंचाई आहे त्याची मुबलकता (इन्फिनिटी पूल, कारंजे, रिव्हर व्ह्यू) विकणे याला विपणन म्हणत असतील, तर खोटे बोलणे हा शब्द कोशात कशासाठी ठेवला आहे? आणि हे खोटे ज्याच्यासमोर बोलले जाते तो कोण असतो? दर अकरा महिन्यांनी भाडेकरार नवा करून सामान हलवणारा, वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून पहिला हप्ता जमवलेला, रविवारी दुपारी मुलाला कडेवर घेऊन साइट ऑफिसात बसलेला माणूस, ज्याला 'सर, चारपर्यंत होल्ड करतो' असे सांगून घाबरवले जाते.

या द्विवचनावर उतारा मात्र आहे. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम ११ नुसार किती आणि कोणत्या प्रकारच्या सदनिकांची नोंदणी झाली, ही माहिती विकासकाने दर तीन महिन्यांनी सरकारी संकेतस्थळावर अद्ययावत करायची असते. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्याला कलम १२ भरपाईचा, आणि व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास पैसे व्याजासह परत मिळण्याचा हक्क देते. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कलम १३ मनाई करते. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही बंधनकारक आहे, आणि तो फ्लेक्सच्या ज्या कोपऱ्यात नजर सहसा जात नाही तिथेच सापडतो. वाचकाने तो मोबाइलने टिपावा, नोंदलेले आकडे वाचावेत, रात्री दहाला जाऊन खिडक्या मोजाव्यात, पहाटे साडेपाचला टँकर मोजावेत, आणि मगच चेकबुकाला हात लावावा. फ्लॅट कुठे जात नाहीत. दोन तर नाहीतच.