डोक्यावर पडण्याजोगं बोर

संक्रांत जवळ आली की झाशीच्या इलाइट चौराह्यावर बोरांच्या हातगाड्या दिसू लागतात. बोरं हिरवीगार, तुकतुकीत, एकेक लिंबाएवढं. खायला उत्तम. पण ती बोरनहाणासाठी आणायची, तर मुलाच्या झबल्याबरोबर हेल्मेटही शिवून घ्यावं लागेल.

नेवाळकरांच्या अमलापासून झाशीत मराठी घरं आहेत. त्यांची बोली आता निम्मी हिंदीला जाऊन मिळालीय, पण काळं झबलं, हलव्याचे दागिने आणि चुरमुरे, हरभरे, उसाच्या गंडेऱ्यांबरोबर डोक्यावरून ओतायची बोरं, यात तडजोड नाही. मावशीनं माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं. "हे काय आणलंस? पोराला टेंगूळ यायचं. झरबेरी आण जा."

परत जाऊन गाडीवाल्याला झरबेरी, म्हणजे माळावरची बारकी बोरं, मागितली, तर सराफाकडे कुणी खडी मागावी तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती विकत घ्यायची वस्तू आहे, हेच त्याला पटेना.

त्याचंही बरोबर आहे. झरबेरी चौकात राहत नाही. बुंदेलखंडातली चांगली काळी जमीन गव्हा-हरभऱ्याकडे जाते. लाल, खडकाळ, पाणी न धरणारी 'राकड' उरते, ती हिची. माळ, शेताचा बांध, रुळांची कड, जिथं माणसानं हात टेकले तिथं ही पसरते. झाड म्हणावं असं अंग नाही. कमरेपर्यंत उठते आणि मग जमिनीशी सलगी करत आडवी होते. मुळं मात्र खोल. बुडापासून तोडा, पाऊस पडला की पुन्हा हजर.

पहूज नदीच्या बाजूला एक जाळी सापडली. पानं नखाएवढी, वरून हिरवी, खालून पांढरी लोकरी. प्रत्येक पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी: एक सरळ, दुसरा आकड्यासारखा वाकडा. सरळ टोचतो, वाकडा सोडत नाही. असा कारभार मी फक्त सरकारी कचेऱ्यांत पाहिला होता. शर्ट ओढून सुटत नाही. उलट आणखी आत शिरून, काट्याच्या कलानं घेत बाहेर यावं लागतं. बोरं वाटाण्याहून थोडी मोठी, तांबूस. जिभेवर आंबटगोड येतं न येतं तोच दाताखाली आठोळी. या मुलखात वाळलेली बोरं कुटून बिरचुन करतात. आठोळीपासून गर सोडवायला फुरसत लागते, ती वाळवण्यातच मिळते म्हणा.

शेळ्यांना यातलं काही सांगावं लागत नाही. ओठ लांबवून त्या दोन काट्यांमधलं पान अचूक उचलतात. राजस्थानात हाच पाला झोडपून, वाळवून गुरांसाठी साठवतात. गवत आणि चाऱ्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था 1962 साली झाशीतच, ग्वाल्हेर रस्त्यावर, पहूज धरणाजवळ उभी राहिली. शेळ्यांनी तोवर आपला निकाल कधीच लावलेला होता.

आणि गाडीवरच्या त्या लिंबाएवढ्या बोरांनी फार तोरा मिरवू नये. बागेतल्या बोरीचा डोळा भरतात तो रानबोरीच्या खुंटावर, आणि काही ठिकाणी याच झरबेरीच्या. वर कलमाचं नाव, खाली दुष्काळाशी झुंजणारं मूळ दुसऱ्याचं. ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी म्हणतात. इथं तर बोरी-बोरीच एका घरच्या निघाल्या.

हातावर ओरखडे घेऊन ओंजळभर बोरं पोचती केली. मावशीनं ती निवडली, धुतली, चुरमुऱ्यांत कालवली आणि बाळाच्या डोक्यावरून ओतली. टेंगूळ आलं नाही. पण बाळानं एक बोर उचलून थेट तोंडात टाकलं, आणि आठोळी काढायला चार बायका त्याच्यावर तुटून पडल्या. मोठं बोर असतं तर निदान तोंडात मावलं नसतं, असं मी म्हणालो. मावशीनं मला गंडेऱ्या वेचायला बसवलं.